पुरावा आपल्यासाठी, तोहमत दुसऱ्यासाठी?

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. एकदा ते नको तिथे घेतलं होतं आणि माझ्या चुकीची शिक्षा त्यांनी भोगली.

सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आमचं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, महिन्या-दोन महिन्यांनी घरी जातो. मोहल्ल्यात मुलामुलींच्या शिक्षणासाठी एक फंड चालतो. कुणी महिन्याला पन्नास देतं, कुणी शंभर, गाळेवाले पाचशे-हजार देतात. चाचा सायकलवर फिरून पैसे गोळा करायचे, पावती फाडायचे आणि जुम्याच्या दिवशी रोकड खजिनदारांकडे जमा करायचे. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. मग मी इंजिनिअर झालो आणि मला वाटलं, आता हिशेब ‘डिजिटल’ व्हायला पाहिजे.

दोन रविवार बसून मी एक छोटं ॲप बनवलं. पावती क्रमांक, नाव, रक्कम टाकायची आणि ‘सेव्ह’ दाबायचं. एक होतकरू पोरगा दर शुक्रवारी मशिदीशेजारच्या खोलीत बसून पावतीबुकांवरून नोंदी करायचा. वर्ष झालं. ॲपची बेरीज आणि खजिनदारांकडे जमा झालेली रोकड यांचा ताळा केला, तर २१,३५० रुपये कमी निघाले.

मला एक मिनिटही शंका आली नाही. रोकड कुणाच्या हातातून जाते? चाचांच्या. मग झालं तर.

त्यानंतर सगळं जुळत गेलं. चाचांच्या मुलाने त्याच वर्षी मोटारसायकल घेतली होती. चाचा कधीकधी पैसे रात्रभर घरी ठेवायचे. मागे एकदा त्यांनी मला एक पावती राहून गेल्याचं सांगितलं होतं. बैठकीत हिशेब वाचला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, बंद पंख्याखाली माणसाला घाम येतो हे मला तेव्हा सुचलं नाही. चाचा एवढंच म्हणाले, “बेटा, पावती-बुकां हैं ना. गिनके देखो.” मला वाटलं, हा वेळ काढण्याचा प्रकार आहे. बारा पुस्तकं मोजत कोण बसणार? ॲप सांगतंय ना! मी कमिटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, ‘चाचांकडून खुलासा घ्यावा.’ किती सभ्य वाक्य! संध्याकाळपर्यंत ते तीन ग्रुपांवर गेलं होतं, आणि ‘खुलासा’च्या जागी ‘गबन’ आलं होतं.

चाचांनी भांडण केलं नाही. पावतीबुकं आणून ठेवली आणि पाच हजार भरले. बाकीचे दर महिन्याला देतो म्हणाले. नमाजला पहिल्या सफमध्ये उभा राहणारा माणूस शेवटच्या सफमध्ये, चपलांजवळ उभा राहू लागला. त्यांच्या मुलीचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. त्या लोकांनी ‘नंतर बघू’ म्हणून निरोप पाठवला.

चार महिन्यांनी माझी भाची सुट्टीत घरी आली. दहावीची मुलगी. तिने कंटाळा येतो म्हणून ती बारा पुस्तकं घेतली आणि एकेक पावती ॲपशी ताडून पाहिली. दुपारी मला फोन करून म्हणाली, “मामू, तुमच्या ॲपमध्ये एकच पावती दोन-दोनदा आहे.” अशा ५३ नोंदी होत्या. पावती क्रमांक तोच, नाव तेच, रक्कम तीच, वेळेत फक्त काही सेकंदांचं अंतर. बेरीज २१,३५०. एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही.

त्या खोलीत रेंज येत नाही. पोरगा सेव्ह दाबायचा, चक्र फिरत राहायचं, तो पुन्हा दाबायचा. एकच पावती क्रमांक दुसऱ्यांदा आला तर अडवायला हवा, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. मलाही कळत होतं. ‘नंतर करू’ म्हणून मी ते सोडलं होतं.

चोर माझ्या कोडमध्ये होता आणि मी तो एका म्हाताऱ्या माणसाच्या खिशात शोधत होतो.

यंत्र खरं, माणूस खोटा

जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये एक टीव्ही मालिका गाजली आणि तिच्यामुळे मला तिथल्या पोस्ट खात्याचं ‘होरायझन’ प्रकरण कळलं. मी त्याबद्दल वाचत गेलो आणि माझी झोप उडाली.

१९९९ पासून ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसांमध्ये होरायझन ही संगणकप्रणाली आली. फुजित्सू कंपनीची. गावोगावच्या छोट्या टपाल शाखा चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. ते मदतीच्या नंबरवर फोन करायचे, तेव्हा त्यांतल्या अनेकांना उत्तर मिळायचं की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. प्रत्येकाला वाटत राहिलं की आपण एकटेच आहोत. कुणी घर गहाण टाकून तूट भरली, कुणी तुरुंगात गेलं. नऊशेहून जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

इंग्लंडमध्ये संगणकाचा पुरावा कोर्टात आणायचा तर तो नीट चालत होता हे दाखवावं लागायचं. ही अट नेमकी १९९९ च्या कायद्याने काढून टाकली. त्यानंतर गृहीतक असं झालं की यंत्र बरोबर आहे आणि ते चुकलं असेल तर तुम्ही दाखवा. पण दाखवणार कसं? यंत्राच्या आतली माहिती आरोप करणाऱ्याच्याच ताब्यात होती.

पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लढवला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने होरायझनमधल्या चुका एकेक करून नोंदवल्या. त्यातली एक वाचताना माझे हात थंड पडले. स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन गावी ८,००० पौंड एका शाखेतून दुसरीकडे नोंदवायचे होते. पडदा अडकल्यासारखा दिसला म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. नोंद झाली ३२,००० ची. फरक २४,००० पौंडांचा. आमच्या मशिदीशेजारच्या खोलीत जे झालं तेच.

एप्रिल २०२१ मध्ये सीमा मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा अपील न्यायालयाने एकाच दिवशी रद्द केली. २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला खास कायदा करावा लागला. दरम्यान काहींनी जीव दिला होता. आणखी एक गोष्ट २०२३ साली उघड झाली. तपास अधिकाऱ्यांना दिलेल्या एका कागदात संशयितांची वंशावरून वर्गवारी करायला सांगितलं होतं आणि त्यात एक वर्ग भारतीय-पाकिस्तानी ‘प्रकारच्या’ लोकांचा होता.

इथपर्यंत वाचून तुम्ही मान हलवली असेल, ‘बघा, सगळीकडे आपल्यासारख्यांवरच संशय!’ मीही हलवली होती. मग आठवलं, चाचांच्या बाबतीत तपास अधिकारी मी होतो.

दोन-चार-सहा

१९६० साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याने लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं, हे एका नियमात बसतात. तुम्ही तुमचे तीन-तीन आकडे सांगा, ते बसतात की नाही एवढं मी सांगेन. नियमाची खात्री झाली की तो मला सांगा. लोक म्हणाले ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग छाती पुढे काढून सांगायचे की नियम दोन-दोनने वाढण्याचा आहे. चूक. नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. ५, ९, ७० सुद्धा चाललं असतं. पण आपला अंदाज मोडू शकेल असे आकडे फार थोड्यांनी विचारून पाहिले. बहुतेक जण त्याला दुजोरा देणारेच आकडे विचारत राहिले आणि प्रत्येक ‘हो’नंतर त्यांची खात्री वाढत गेली.

मोटारसायकल, घाम, राहिलेली पावती. हे माझे ८, १०, १२ होते. ‘चाचा निर्दोष असतील तर काय दिसेल?’ हा प्रश्न मी विचारलाच नाही. विचारला असता तर उत्तर चाचांनी बैठकीतच दिलं होतं. पावतीबुकं मोजा.

इथे माझी डिग्री कामी आली नाही, उलट आड आली. दिवसभर मशीनशी बोलणाऱ्या माणसाला एक खोड लागते. उत्तर पटकन सापडलं की तो त्याला बुद्धी समजतो. कामावर तरी कोड चालवून बघावं लागतं, चुकलं तर लाल अक्षरं येतात. माणसाबद्दलचा अंदाज चुकला तर पडद्यावर काहीच येत नाही. समोरचा माणूस फक्त मागच्या सफमध्ये जाऊन उभा राहतो.

सोसलं म्हणजे शिकलो?

आता मुद्द्याचं बोलतो, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

गृहीतकाचा मार काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक आपलीच. पकडलेही आपलेच नऊ जण. पाच वर्षांनी त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपातून मुक्त केलं. तोवर त्यातला एक जण दुनियेत नव्हता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तबलीगी जमातच्या नावाने काय काय दाखवलं गेलं ते तुम्ही पाहिलं आहे. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीबाहेर काढलं जात होतं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं स्पष्ट म्हटलं. टीव्हीवर आरोपाला जेवढी जागा मिळाली होती, तेवढी या निकालाला मिळाली का?

हा अन्याय खरा आहे. पण त्याच्या आडून आपण एक खोटा निष्कर्ष काढला आहे, की आपल्यावर संशय घेतला गेला म्हणजे आपला संशय मात्र बरोबर असतो. अन्याय सोसलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही. त्याला न्याय शिकावा लागतो, बाकी सगळ्यांसारखाच.

आपल्या ग्रुपांवर काय चालतं ते बघा. कुणी पोलीस ठाण्यात शांतता समितीच्या बैठकीला गेला, तो ‘खबऱ्या’. कुणी बायकांच्या हक्कावर चार ओळी लिहिल्या, ती ‘विकली गेलेली’. मुलगी कॉलेजातल्या मुलाशी बस स्टँडवर बोलताना दिसली की फोटो तिच्या भावाच्या आधी अख्ख्या मोहल्ल्याकडे पोहोचतो. एकाची नमाज वेगळी दिसली की त्याचं ईमान मोजायला तराजू तयार. बंगाली बोलणारा कारागीर भाड्याने खोली मागायला आला की आपलेच लोक हळूच म्हणतात, ‘बांगलादेशी असेल.’ चोरी झाली की पालावरच्या पारध्याकडे बोट. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मानेच चोर ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, आपल्या तोंडातून गेला नाही.

इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये १ एप्रिल २०२० रोजी तपासणीला आलेल्या आरोग्य पथकावर दगड मारले गेले. त्यात दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. त्या आपला जीव धोक्यात घालून आपल्याच म्हाताऱ्यांना वाचवायला आल्या होत्या. ज्या महिन्यात आपल्याबद्दल अफवा पसरत होत्या, त्याच महिन्यात आपणही अफवांवर विश्वास ठेवत होतो.

पोलिसांना आपण विचारतो, ‘पुरावा काय?’ अगदी बरोबर विचारतो. मग मोहल्ल्यात हा प्रश्न कुठे जातो?

“पण आपल्याकडे तुरुंग नाही”

हा युक्तिवाद मी ऐकला आहे. सरकारच्या संशयाने माणसाची वर्षं जातात, आपल्या संशयाने काय होतं? थोडी बदनामी. दोन्ही सारखं कसं?

सारखं नाहीच. ज्याच्या हातात लाठी आणि चाव्या आहेत त्याची जबाबदारी मोठी, हे मी शंभरदा मान्य करतो. पण मोहल्ल्याकडे तुरुंग नाही हे खरं नाही. ठरत आलेलं स्थळ मागे फिरतं तो तुरुंग आहे. दुकानदार उधारी बंद करतो तो तुरुंग आहे. शहरात जागा मिळत नाही म्हणून माणूस मोहल्ल्यात राहतो आणि मोहल्ल्याने तोंड फिरवलं तर त्याला जायला दुसरी जागा उरत नाही. म्हणून आपल्यातली तोहमत जास्त जड पडते.

दुसरा युक्तिवाद सावधगिरीचा. ‘मग डोळे मिटून बसायचं? फंडात खरंच कुणी हात मारला तर?’ नाही, डोळे उघडा. हिशेब मागणं हे अमानतीचं पहिलं कलम आहे. पण हिशेब आणि तोहमत यांत फरक आहे. हिशेब सगळ्यांकडून मागितला जातो, पैसे गोळा करणाऱ्याकडून, नोंद करणाऱ्याकडून, खजिनदाराकडून आणि ॲप बनवणाऱ्याकडूनही. तोहमत एक चेहरा निवडते आणि मग त्याच्यापुरतीच कागदं शोधते. मी हिशेब मागितला असता तर सगळ्यात आधी माझ्या कोडची तपासणी झाली असती.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात तगडा आहे. ‘आपल्याबरोबर भेदभाव होतोच. मग प्रत्येक वेळी संशयाचा फायदा समोरच्याला का द्यायचा?’ याला उत्तर म्हणून माझाच अनुभव सांगतो. पुण्यात घर शोधताना दोन एजंटांनी माझं नाव ऐकून सरळ सांगितलं, मालक ‘तुमच्या लोकांना’ देत नाहीत. त्यात गृहीतक काही नव्हतं, शब्द कानांनी ऐकले. तिसऱ्या ठिकाणी घर मिळालं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी पोलीस पडताळणीची पावती, कंपनीचं पत्र, मूळ गावचा पत्ता मागितला. मी धुमसत राहिलो. आठवडाभर त्या माणसाच्या सलामाला उत्तर दिलं नाही. मग वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी नावाच्या भाडेकरूला सहज विचारलं. त्याच्याकडूनही तेच कागद मागितले होते आणि वर लग्नाचा दाखलाही. त्याने मला तो ईमेल दाखवला. शब्दाला शब्द तोच.

दोन वेळा माझा अंदाज खरा होता, तिसऱ्या वेळी चुकला. आधीच्या दोनांमुळे तिसरा आपोआप खरा ठरत नाही. ते सिद्ध करायला कुलकर्णींना विचारावंच लागतं. तपासलं म्हणजे संशय नेहमी खोटाच ठरेल असंही नाही. कधी तो खरा ठरेल. मग तुमच्या हातात रागाबरोबर पुरावाही असेल आणि पुरावा हातात असला की लढता येतं. होरायझनवाले नोंदींच्या जोरावर जिंकले. मालेगावचे तरुण सुटले ते कागदांवर. जी जमात एकमेकांवर बिनपुराव्याचे आरोप करण्यात तरबेज होते, तिच्या खऱ्या तक्रारीसुद्धा लोक हलक्याने घेऊ लागतात. हे नुकसान शेवटी आपलंच आहे.

दीनची आठवण, फक्त दुसऱ्यांसाठी?

आपण दीनचं नाव उठता-बसता घेतो, म्हणून हेही बोलायला हवं. सूरह हुजुरात लहानशी आहे, दहा मिनिटांत वाचून होते. बातमी आली की आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, हे तिच्यात आहे. पुष्कळशा गुमानांपासून दूर राहा, कारण काही गुमान गुनाह असतात, आणि एकमेकांच्या पाळतीवर राहू नका, हेही तिच्यातच आहे. हजरत आयेशा यांच्यावर मदिनेत तोहमत लागली तेव्हा ‘पुरावा’ काय होता? त्या काफिल्याच्या मागे राहिल्या आणि एका सहाबींच्या उंटावरून परतल्या, एवढंच. बाकी सगळं लोकांनी आपल्या डोक्यातून भरलं. सूरह नूरने बोलणाऱ्यांना तर खडसावलंच, ऐकून गप्प बसणाऱ्यांनाही विचारलं की तुम्ही आपल्या माणसांबद्दल चांगला विचार का केला नाही? आणि पाकदामन स्त्रीवर तोहमत लावून चार साक्षीदार न आणणाऱ्याची साक्ष पुढे धरू नये, हा कायदाही तिथेच आहे. आपण मात्र अशाच माणसाला ग्रुपचा ॲडमिन करतो.

ही सूरत आपल्याला पाठ असते. ‘फॉरवर्ड’ दाबताना तेवढी आठवत नाही.

मग करायचं काय?

मी मौलवी नाही, इंजिनिअर आहे. कामावर आम्ही चुका टाळायला नियम करतो, कारण चांगल्या हेतूंवर सिस्टीम चालत नाही. मी स्वतःसाठी चार नियम केले आहेत. पटले तर घ्या.

पहिला : माणसाचं नाव घेण्याआधी, तो निर्दोष असेल तर काय दिसायला हवं, हे कागदावर लिहायचं आणि आधी तेच शोधायचं.

दुसरा : ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला आधी एकट्याला विचारायचं, आणि त्याचं उत्तर पुरं ऐकायचं. ‘गिनके देखो’ म्हणाला तर मोजायचं. बारा पुस्तकं मोजायला माझ्या भाचीला एक सकाळ लागली. मी तेवढा वेळ न दिल्यामुळे चाचांचे चार महिने गेले.

तिसरा : आपण किती खात्रीने बोलतो आहोत ते स्वतःला विचारायचं. ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ आणि ‘वाटलं’ या तीन शब्दांची अदलाबदल करायची नाही. ग्रुपवर जे येतं त्यातलं बहुतेक ‘वाटलं’ असतं आणि ‘पाहिलं’ म्हणून पुढे जातं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्या जमावातही प्रत्येकाला पक्की खात्री होती.

चौथा नियम मला अम्मीने शिकवला. ५३ नोंदी सापडल्यावर मी त्याच रात्री गावी गेलो आणि चाचांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. घरी येऊन अम्मीला सांगितलं तेव्हा मी थोडा हलका झालो होतो. अम्मी म्हणाली, “तोहमत सबके सामने, और माफी चूल के पास?” म्हणून चौथा नियम : आरोप जिथे केला, माफी तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात. पुढच्या जुम्याला इमामसाहेबांच्या परवानगीने मी नमाजनंतर उभा राहिलो आणि माझी चूक नाव-आकड्यासकट सांगितली. तिन्ही ग्रुपांवर लिहिलं. चाचांनी भरलेले पैसे त्यांना परत केले.

ॲपमध्ये आता एक पावती क्रमांक दोनदा जात नाही. ते दुरुस्त करायला मला वीस मिनिटं लागली.

चाचांच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं, अल्हम्दुलिल्लाह, ती सुखात आहे. चाचा भेटले की हसून बोलतात, पुण्याची थंडी विचारतात. पण पावतीबुक त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. कमिटीने दोनदा विनंती केली, मी तीनदा. शेवटच्या वेळी म्हणाले, “नहीं बेटा, अब गिनने का काम तुम लोगां करो.”

आता मी गावी गेलो की त्यांच्या जागी मी फिरतो. दारोदार जाऊन पन्नास-शंभरची पावती फाडतो. संध्याकाळी खिशात दुसऱ्यांचे पैसे असतात आणि बाइकचा हप्ता माझ्याच नावावर चालू असतो. त्या वेळी मनात येतं की आज ताळ्यात शंभर रुपये कमी आले, तर माझ्याबद्दल कुणी काय समजावं असं मला वाटेल?